सिमला ऑफिस आणि २९ नंबरचा उपग्रह

प्रश्न : स. न. वि. वि. माझे वडील पुण्याच्या सिमला ऑफिसात, म्हणजे हवामान खात्यात, नोकरीला होते. टायरॉस-१ हा जुना हवामान उपग्रह अजून वर फिरतोय, असं ते सांगायचे. त्यांची ७×५० (सातपट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) दुर्बीण माझ्याकडे आहे. तिच्यातून तो गच्चीवरून दिसेल का? मोबाईलवरच्या ॲपमध्ये त्याचं नावच सापडत नाही.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, वडील बरोबर सांगायचे. १ एप्रिल १९६० ला तो वर गेला आणि त्याच दिवशी त्याने ढगांचं पहिलं चित्र खाली धाडलं. अठ्ठ्याहत्तर दिवसांत तेवीस हजारांच्या आसपास चित्रं पाठवली आणि विजेच्या बिघाडाने गप्प झाला. रेडिओ लावून बसू नका, काही ऐकू यायचं नाही. पण सुमारे साडेसहाशे किलोमीटरवर हवा इतकी विरळ, की इतक्या वर्षांतही तो खाली आलेला नाही.

ॲपमध्ये बहुधा ठळक उपग्रहच असतात. हेवन्स-अबव्ह या संकेतस्थळावर नावाऐवजी २९ हा यादी-क्रमांक टाका. आज हजारो उपग्रहांची गर्दी आहे, त्यात हा दोन आकडी!

आता दिसण्याचं. उपग्रह जेमतेम मीटरभर रुंदीचा, वरून काळपट सौरपट्ट्यांनी मढवलेला. कोथरूडच्या दिव्यांत ७×५० ला तो झेपणं कठीण. मी पानशेतच्या बाजूला ११×८० घेऊन बसलो होतो, तरी दोनदा हात हलवत परत आलो. तिसऱ्यांदा चूक कळली : मी दुर्बीण घेऊन त्याच्या मागे धावत होतो. तसं करायचं नाही. त्याच्या वाटेवरचा एखादा तारा आधी नकाशात हेरायचा, दुर्बीण तिपाईवर त्याच्यावर रोखायची आणि दिलेल्या वेळेच्या दोन मिनिटं आधीपासून हलायचं नाही. तो एका सेकंदात साडेसात किलोमीटर जातो. डोक्यावर असताना हे अंतर चंद्राच्या रुंदीपेक्षा जास्त भरतं. त्यामुळे घड्याळ मोबाईलशी जुळवा आणि कक्षेचे आकडे त्याच दिवशीचे घ्या. वरची हवा सूर्याच्या लहरीनुसार फुगते, की महिन्यापूर्वीचं वेळापत्रक चुकलंच. माझ्या ताऱ्याशेजारून अखेर एक फिकट ठिपका सरकला. चार सेकंद. सोबतचा भाचा म्हणाला, “मामा, एवढ्यासाठी?” हो, एवढ्यासाठीच.

संध्याकाळी सूर्यास्तानंतर पाऊण तास ते पावणेदोन तास हा वेळ धरा. तेव्हा खाली अंधार असतो आणि वर त्याच्यावर ऊन. पावसाळ्यात मात्र हा खटाटोप नको. ढगांचे फोटो काढायला गेलेला गडी ढगांपायीच दिसत नाही. मोठी दुर्बीण हवी असेल तर टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था या हौशी आकाशनिरीक्षकांच्या संस्थेत विचारून बघा.

आणि वडिलांची दुर्बीण आजच पेटीतून काढा. पुण्याच्या पावसात भिंगांना बुरशी फार लवकर धरते.