अल्वारिन्यो आणि तिसऱ्यांचं सुकं

प्रश्न : माझे दीर लिस्बनला असतात. येताना त्यांनी अल्वारिन्यो नावाच्या पांढऱ्या वाईनच्या दोन बाटल्या आणल्या. ‘समुद्रकाठची आहे, माशांबरोबर घ्या,’ म्हणाले. एक श्रावण संपला की उघडू. दुसरी मुलीच्या लग्नापर्यंत ठेवायची असं ह्यांचं म्हणणं, आणि लग्न अजून ठरायचंय! हुमणाबरोबर (माशांच्या कालवणाबरोबर) चालेल का? तिला खरंच समुद्राची चव असते का? हे तर पेल्यात बर्फ घालायला निघालेत. — एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, आधी दुसऱ्या बाटलीचं बोलू, कारण धोका तिलाच आहे. फोंड्याच्या घरात, एप्रिल-मेच्या उकाड्यात, लाकडी कपाटात ठेवलेली पांढरी वाईन टिकत नाही, शिजते. पणजीत बारच्या काउंटरमागं नोकरी केली तेव्हा अशा बाटल्या मी मोरीत ओतल्यात : रंग गडद पिवळा, वास काळ्या पडलेल्या सफरचंदाचा, ताजेपणा साफ गेलेला. चांगली अल्वारिन्यो थंड तळघरात काही वर्षं छान मुरते, पण तळघर तुमच्याकडं नाही, माझ्याकडंही नाही. दोन्ही बाटल्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आडव्या ठेवा आणि वर्षाच्या आत संपवा. लग्नाला दीर नवीन आणतील की!

अल्वारिन्यो हे द्राक्षाचं नाव. पोर्तुगालच्या अगदी उत्तरेला, मिन्यो नदीच्या काठावर मोंसांव आणि मेलगासू ही त्याची ठिकाणं. नदीपलीकडं स्पेनचा गालिसिया प्रांत, तिथंही हेच द्राक्ष. खरं सांगायचं तर समुद्रकाठचे मळे तिकडचे. तिथल्या काम्बादोस गावात १९५३ पासून ऑगस्टमध्ये या वाईनचा उत्सव भरतो. पोर्तुगालच्या बाजूला मध्ये डोंगर आहेत, त्यामुळं दीर थोडं वाढवूनच बोलले. दोन्हीकडं पाऊस मात्र भरपूर, म्हणून बुरशीची धास्ती. यावर जुना उपाय म्हणजे उंच मांडव. गालिसियात त्याला ग्रॅनाइटचे खांब असतात. घोस वर लोंबतात, खालून वारं खेळतं, आणि तोडणी मांडवाखाली उभं राहून हातानं होते. द्राक्ष बारीक, पण साल जाड, तीही ओलाव्याला तोंड देते.

खारं पाणी मुळांतून चढून बाटलीत उतरत नाही. या वाईनचा आंबटपणा असा तरतरीत असतो की जिभेच्या कडांना पाणी सुटतं, आणि त्यालाच पुष्कळजण खारेपणा म्हणतात. विकणाऱ्यांनी हे फार ताणलंय.

हुमणाबरोबर नको. तिरफळानं जीभ बधिर होते, मिरचीची आग दारूनं आणखी भडकते आणि नारळाच्या दाट रसापुढं वाईन पाणचट लागते. रेशाद मसाला भरलेला बांगडाही दुसऱ्या दिवशी. त्यातलं व्हिनेगर वाईनवर कुरघोडी करतं. तुम्ही तिसऱ्यांचं सुकं करा. गालिसियातले लोक खाडीत लाकडी तराफ्यांना दोर सोडून त्यावर शिनाणे (काळ्या शिंपल्या) वाढवतात आणि नुसत्या वाफेवर उघडून खातात, तसंच जवळजवळ. कांदा परता, एखादी हिरवी मिरची चिरून टाका, तिसऱ्या घालून झाकण ठेवा. पाणी घालू नका, सुटतं तेवढं पुरे. शिंपल्या उघडल्या की मूठभर ओलं खोबरं घालून लगेच उतरवा. सोलां (आमसुलं) अजिबात नको, आंबटाचं काम वाईन करते. मुडदुशी मासळी मिळाली तर हळद-मीठ लावून रव्यात तळा, मसाला नको.

बर्फ पेल्यात नको, बाटलीभोवती घाला. बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ : वीसेक मिनिटांत गार.

प्रश्न : गोव्यात अशी वाईन का होत नाही? — एक वाचक, पेडणे

उत्तर : हवा आडवी येते. पावसाळ्यात इथं तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि एरवीही दमटपणा सुटत नाही. नाशिकला थंड, कोरड्या महिन्यांत द्राक्ष पिकवता येतं, ती सोय आपल्याकडं नाही. आपलं म्हणून आहे ते काजूच्या बोंडांचं : मार्च-एप्रिलात हुर्राक ही हलकी दारू, मग कडक फेणी, जिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. काजूसुद्धा पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला, हे तेवढं फोंड्याच्या ताईंच्या दिरांना सांगू नका, ते लगेच हक्क सांगतील.