थायरॉईडचं ऑपरेशन झालं, आता मान वर होत नाही

प्रश्न : माझं वय ४६, राहते डिचोलीत. तीन आठवड्यांपूर्वी थायरॉईड ग्रंथी पूर्ण काढली. रिपोर्ट चांगला आला, जखम सुकली, पण मान नुसती लाकूड झालीय. वर बघितलं की पुढून ओढतं, गिळताना पण तेच. सासूबाई म्हणतात हलवू नको, टाके उसवतील, आणि शेजारणीने तर मानेचा पट्टाच आणून दिला. चवथ दीड महिन्यावर आलीय, गणपतीच्या वर टांगायची फळांची माटोळी बांधायला जमेल का? स्कूटर कधी चालवू? आणि भजनात वरचा सूर लागत नाही तो?

उत्तर : ताई, आधी तो पट्टा शेजारणीला परत द्या. तीन आठवड्यांनी बऱ्या झालेल्या जखमेचे टाके मान वळवल्याने उसवत नाहीत, उलट भीतीने मान धरून ठेवली की ती जास्तच आखडते. ऑपरेशनच्या वेळी खांद्यांखाली उशी घालून मान बराच वेळ मागे ताणलेली असते, त्यामुळे मागचे स्नायू पण दुखावतात, हे आधी कोणी सांगत नाही आणि मग लोक घाबरतात की कापलं पुढे आणि दुखतं मागे कसं!

ओढतं का ते आरशासमोर बघा. पाण्याचा घोट घ्या, गिळताना वण वर खेचला जातोय? म्हणजे कातडी खालच्या स्नायूंना चिकटलीय. खपली पूर्ण पडली असेल तर सर्जनना विचारून मसाज सुरू करा, बोटाला थोडं खोबरेल लावून वणावर बोट टेकवायचं आणि कातडी खालच्या थरावरून सरकवायची, वर-खाली, आडवी, गोल, पाच मिनिटं दोनदा. नुसतं तेल चोळून उपयोग नाही. वणाच्या वर बधिर वाटत असेल तर तिथे गरम शेक देऊ नका, भाजलेलं कळायचं नाही. आणि आपल्याकडचं ऊन माहीत आहेच, वर्षभर सनस्क्रीन नाहीतर ओढणी, नाहीतर वण काळा पडतो.

व्यायामाला खुर्चीत ताठ बसा. खांदे गोल फिरवा, हनुवटी छातीकडे, मग डावीकडे-उजवीकडे वळून बघा, कान खांद्याकडे, सगळ्यात शेवटी सावकाश वर. प्रत्येक पाच वेळा, दिवसातून तीनदा, ताण जाणवेल इतपतच, कळ आली की मागे या. विळीवर खाली वाकून तासभर नारळ खवत बसणं मात्र सध्या दुसऱ्या कोणाकडे द्या.

मानेच्या बाजूच्या गाठीपण काढल्या असतील आणि केस विंचरताना हात वर जात नसेल तर खांद्याच्या नसेला मार बसलेला असू शकतो, मग हे घरचे व्यायाम पुरत नाहीत, फिजिओकडे जा.

आवाजाचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. स्वरयंत्राच्या नसा ग्रंथीला अगदी लागून जातात, त्यातली एक वरच्या सुरांसाठीच लागते. बऱ्याचदा आवाज हळूहळू परत येतो, पण तीन आठवडे झालेत म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दुर्बिणीने एकदा दाखवाच, पाणी पिताना ठसका लागत असेल तर लगेच. कुजबुजून बोलू नका, त्याने घशावर ताण येतो.

ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या तर तो मानेचा प्रकार नाही, कॅल्शियम उतरतंय, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. कॅल्शियमची गोळी दिली असेल तर थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब. गळा अचानक फुगला किंवा श्वास अडकला तर फोनही नको, सरळ कॅज्युअल्टी.

स्कूटर? दोन्ही खांद्यांवरून मागे झटका न देता बघता आलं आणि अचानक ब्रेक मारताना मान धरावी लागली नाही की चालवा. माटोळीला यंदा मुलाला स्टुलावर चढवा, तुम्ही खाली उभं राहून नारळाची पेंड कुठे आणि सुपारीचा घोस कुठे ते सांगा, तेवढी वर मान दीड महिन्यात व्हायला हवी.