शिमगोत्सव की होलिकोत्सव?

प्रश्न असा आला आहे : कोकणातल्या आमच्या गावच्या पालखीच्या पत्रिकेत 'शिमगोत्सव' छापावं की 'होलिकोत्सव'? काही मुंबईकर मंडळींना 'शिमगा' गावंढळ वाटतो. घरातल्या भांडणालाही शिमगाच म्हणतात, असं त्यांचं म्हणणं.

'शिमगोत्सव'च छापा. हा शब्द गावंढळ नाही, चांगला जुना आहे. मूळ संस्कृत 'सुग्रीष्मक'. ग्रीष्माची चाहूल लागताना येणारा सण, म्हणून हे नाव. प्राकृतात त्याचं 'सुगिम्हअ' झालं. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने 'देशीनाममाला' या आपल्या प्राकृत शब्दकोशात फाल्गुनातल्या उत्सवासाठी हाच शब्द नोंदवला आहे. 'ष्म', 'स्म' यांचा 'म्ह' होणं ही प्राकृताची नेहमीची रीत. आपण दिवसातून शंभरदा म्हणतो ते 'आम्ही' आणि 'तुम्ही' याच वाटेने आले, 'अस्म-' आणि 'युष्म-' यांच्यापासून. पुढे 'सु'चा 'सि' झाला आणि इकाराशेजारच्या 'स'चा 'श' झाला, जसा 'सीव्'पासून 'शिवणे'. गोव्यात आजही 'शिगमो' म्हणतात, धाकटो शिगमो आणि व्हडलो शिगमो. तिथे आधी ग, मग म हा मूळ क्रम टिकून आहे. मराठीत त्या दोघांनी जागा बदलल्या आणि शिमगा झाला. 'चिकटणे'चं 'चिटकणे' होतं तसंच हे. मला तर हा शब्द उच्चारताना कोकणी-मराठीचं सख्खं नातं कानाला जाणवतं.

भांडणाचा अर्थ नंतरचा. होळीभोवती बोंबा मारायची, एरवी तोंडात न येणारं बोलायची मुभा असते, त्यावरून 'शिमगा करणे'. 'शिमगा गेला तरी कवित्व उरते' या म्हणीतलं कवित्वही तेच. पण म्हणून सणाचंच नाव टाकायचं का?

आणखी एक कारण आहे. होळी म्हणजे पौर्णिमेच्या रात्रीचा अग्नी. शिमगा त्याहून मोठा. रत्नागिरीकडे तो फाक पंचमीला, म्हणजे फाल्गुन शुद्ध पंचमीला, सुरू होतो. ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते, माहेरवाशिणी ओट्या भरतात, संकासुराचं सोंग नाचतं, नाचगाणी करणारे खेळे फिरतात. चाकरमानी रजा टाकून येतो तो या साऱ्यासाठी. 'होलिकोत्सव' म्हटलं की यातली एक रात्र उरते, पालखी गळते.

पत्रिकेत जागा असेल तर 'फाक पंचमी' हे नावही तसंच छापा, नुसती 'फाल्गुन शुद्ध पंचमी' नको.