उत्तर: बाबांसाठी स्वस्त लॅपटॉप, आणि ‘६४ जीबी भरपूर झालं’ म्हणणारा दुकानदार

तुम्ही लिहिलंय, बाबांना फक्त नेट, ईमेल, बँकेचं काम आणि नातवंडांशी व्हिडिओ कॉल एवढंच हवंय, आणि दुकानदार म्हणतो ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज भरपूर झालं. वाचून पोटात गोळाच आला. आईसाठी लॅपटॉप घेताना हेच वाक्य मी ऐकलं होतं, फक्त तेव्हा ६४ च्या जागी ३२ होते.

मी या धंद्यातला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. घरचे, शेजारचे मिळून पंधराएक कॉम्प्युटर हाताळलेत, त्या जोरावर बोलतोय. वायफाय, ब्राउझर वगैरे तुम्हाला ठाऊकच असणार, ते सोडून देतो.

आईचा लॅपटॉप नवाकोरा होता आणि वजनाला जाड वहीएवढा. प्रोसेसर बघितला, रॅम बघितली, स्क्रीन बघितला. स्टोरेजपुढे ‘ईएमएमसी’ असं लिहिलं होतं, म्हणजे बोर्डवरच बसवलेली स्वस्तातली साठवणीची चिप, तिकडे काणाडोळा केला. आईला साठवायचंय काय, चार फोटो आणि दोन पीडीएफ, असा माझा हिशोब. पण जागा आईला नकोच होती, ती विंडोजला हवी होती. जीबी मोजताना कंपनी हजाराचा पट धरते आणि विंडोज १०२४ चा, म्हणून ३२ चे तिथे २९-३० च दिसतात. त्यातली निम्म्याहून जास्त विंडोजनेच व्यापलेली. मोठं अपडेट आलं की ते उतरवायला, उलगडायला आणि बिनसलं तर मागे जाता यावं म्हणून जुनी प्रत ठेवायला आणखी कित्येक जीबी लागतात. ते आणायचे कुठून?

एका शनिवारी रात्री आईचा फोन आला, “अरे, निळ्यावर गोल गोल फिरतंय, बंद करू का?” म्हटलं, हात लावू नकोस. सकाळी गेलो तर पडद्यावर ओळ, बदल मागे घेतले जात आहेत. आठवड्याने पुन्हा तेच. मग विंडोजच म्हणालं की बाहेरचं स्टोरेज जोडा. १६ जीबीचा पेनड्राइव्ह खोचून रविवारभर बसलो. संध्याकाळी ९१ टक्क्यांवर गाडी अडली ती अडलीच.

सर्व्हिस सेंटरचं नाव घेत नाही. टोकन घेतलं, दीड तास बसलो, मग उत्तर मिळालं, “सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे, वॉरंटीत येत नाही, रीसेट मारून देतो.” दिला. तीन आठवड्यांत डिस्क पुन्हा भरून लाल. दुसऱ्या खेपेला माणूस नवा, फॉर्म नवा, उपाय तोच. त्या फॉर्मवर ‘डेटाची जबाबदारी ग्राहकाची’ अशी बारीक ओळ होती, मी न वाचता सही ठोकली. आईने दोन महिने एका बोटाने टाइप करून सगळ्या नातलगांचे पत्ते एका फाइलमध्ये घातले होते. गेले. ती एवढंच म्हणाली, “जाऊ दे, अर्धे वहीत आहेत.” मला मात्र ते अजून जात नाही.

तिसऱ्या खेपेला काउंटरमागचा एक पोरगा हळूच म्हणाला, “साहेब, हे भरणारच. चिप बोर्डवरच डकवलेली असते, बदलून मिळत नाही.” अरे बाबा, हेच पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं? लेखी तक्रार केली तर दोन दिवसांनी मेसेज आला, आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे, आम्हाला पाचपैकी किती गुण द्याल? असो.

तर तुमचे ६४. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज ही किमान अट ठेवलीय. किमान म्हणजे घरात शिरेल, नांदेल असं नाही. माझं मत विचाराल तर विंडोज हवंच असेल तर ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी (ईएमएमसीपेक्षा वेगवान साठवण), त्याखाली उतरू नका. नेट बघायला ८ कशाला, असं इथले दोघे-तिघे म्हणतीलच. पण आता नेटच जड झालंय. बँकेचा टॅब, मेलचा टॅब आणि वर व्हिडिओ कॉल सुरू केला की ४ जीबीवाल्याला धाप लागते. रॅम वाढवता येते की तीही बोर्डवर सोल्डर केलेली आहे, हेसुद्धा विचारून घ्या.

तेवढ्याच पैशांत नवा मिळत नसेल तर ऑफिसांतून निघालेला जुना घ्या. लेनोवोचा थिंकपॅड, डेलचा लॅटिट्यूड, एचपीचा एलिटबुक या जातीचे. दिसायला ठोकळे, पण कीबोर्ड मजबूत. मात्र प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा पुढचाच घ्या, म्हणजे ‘आय५’ नंतरचा आकडा ८२५० सारखा ८ ने सुरू होणारा किंवा त्यापुढचा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आठवीच्या आधीच्या पिढ्यांना, एखाददुसरा अपवाद सोडला तर, ११ अधिकृतपणे चालत नाही. विकणारे जुन्यावरही ११ चढवून देतात, ‘आय७ आहे साहेब’ म्हणून. सहाव्या पिढीचा आय७ घेऊन काय करायचंय? बायॉसला (विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंगला) पासवर्ड नाही ना, रीसेट केल्यावर जुन्या कंपनीचं लॉगिन मागत नाही ना, हे समोर बघा. बॅटरी थकलेली असणार, असं धरूनच भाव करा.

गंमत म्हणजे तेच ४ आणि ६४ क्रोमबुकला, म्हणजे विंडोजऐवजी गूगलच्या क्रोमओएसवर चालणाऱ्या लॅपटॉपला, चालून जातात. बाबांचं सगळं काम खरोखर ब्राउझरमध्येच होत असेल तर मी क्रोमबुकच सुचवेन. पण त्या मॉडेलची अपडेट संपायची तारीख आधी बघा. २०२१ पासूनच्या मॉडेलांना दहा वर्षं अपडेट मिळतात, पण ती वर्षं मॉडेलचा प्लॅटफॉर्म (आतलं मूळ हार्डवेअर) बाजारात आला तेव्हापासून मोजतात, तुम्ही बिल फाडलं तेव्हापासून नाही. सेलमध्ये पडलेल्या मालाची निम्मी वर्षं आधीच सरलेली असू शकतात. आणि जुना प्रिंटर असेल तर तो जोडून बघितल्याशिवाय घेऊ नका.

जाता जाता, घरात हार्ड डिस्कवाला जुना कॉम्प्युटर पडलाय का? तो आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल तर आधी त्यात एसएसडी घालून बघा, कदाचित नवं काही घ्यावंच लागणार नाही. आणि नव्या लॅपटॉपमध्ये विंडोज ‘एस मोड’मध्ये निघालं तर घाबरू नका. त्यात फक्त मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधली ॲप्स चालतात, पण त्यातून बाहेर पडणं फुकट आहे. परत आत मात्र जाता येत नाही.

आईच्या त्या लॅपटॉपवर शेवटी विंडोज काढून लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. तेव्हापासून कुरकुर नाही. पण ही वाट बाबांसाठी सुचवत नाही, काही अडलं की फोन तुम्हालाच येईल.

दुकानदार दाखवतोय त्याच्या खोक्यावरचा पूर्ण मॉडेल नंबर इथे टाका. नुसतं नाव नको, त्याच नावाखाली ईएमएमसीवाला आणि एसएसडीवाला असे दोन्ही विकतात.