शंका-समाधान : जाहिरातींनी बेजार झालेला कॉम्प्युटर

प्रश्न : विंडोज ११ असलेला घरचा कॉम्प्युटर फारच रखडतो. क्रोम उघडलं की भलतंच सर्चचं पान येतं. उजव्या कोपऱ्यात 'व्हायरस सापडले' अशा सूचना सारख्या उगवतात. म्हणून दुसरा अँटिव्हायरस टाकला, तर मशीन आणखीच मंद झालं. फॉरमॅट करावं का?

उत्तर : इतक्यात नको. आधी दुसरा अँटिव्हायरस काढा. उघडणारी प्रत्येक फाइल दोघंही तपासू लागले की मशीन अडणारच. विंडोजसोबत येणारा डिफेंडर घरच्या वापराला पुरतो. बाहेरचे सगळे अँटिव्हायरस काढले की तो आपोआप चालू होतो.

कोपऱ्यातल्या त्या सूचना बहुतेक वेळा व्हायरस नसतातच. 'तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाउ दाबा' असं सांगणाऱ्या एखाद्या साइटला कुणीतरी परवानगी दिलेली असते. परवानगी आपणच दिलेली, त्यामुळे स्कॅनमध्ये काही सापडत नाही. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स उघडा आणि अनोळखी साइट काढून टाका. सूचनेवर क्लिक मात्र करू नका. त्यातला 'क्लीनर' हीच खरी लागण.

सर्चचं पान बदलणारं एक्स्टेंशन (क्रोमला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) काढायचं, पण क्रम चुकवू नका. ते एखाद्या प्रोग्रॅमने बसवलेलं असेल आणि तो तसाच राहिला, तर रीस्टार्टनंतर एक्स्टेंशन पुन्हा हजर. म्हणून सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्समध्ये यादी तारखेनुसार लावा. त्रास सुरू झाला त्या सुमाराचे अनोळखी प्रोग्रॅम आधी काढा, मग एक्स्टेंशन. त्याचं रिमूव्हचं बटण चालत नसेल आणि घरच्या मशीनवर 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन' दिसत असेल, तर ॲडवेअरने (जाहिराती लादणाऱ्या प्रोग्रॅमने) रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, क्रोमची पॉलिसी (सक्तीची सेटिंग) घातलेली असू शकते. मालवेअरबाइट्स कंपनीचं मोफत ॲडडब्ल्यूक्लीनर अशा पॉलिसी पुसू शकतं. ते कंपनीच्या साइटवरूनच घ्या, सर्चमध्ये वर झळकणाऱ्या जाहिरातीवरून नव्हे.

शेवटी विंडोज सिक्युरिटीत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्समधून ऑफलाइन स्कॅन लावा. कामं सेव्ह करून ठेवा, कारण मशीन लगेच रीस्टार्ट होतं. साधारण १५ मिनिटं लागतात. विंडोज पूर्ण सुरू नसताना तपासणी होते, त्यामुळे एरवी लपून बसणारे प्रोग्रॅमही हाती लागतात. सफाईनंतर इंटरनेटच बंद पडलं, तर घाबरू नका : ॲडवेअरने घातलेला प्रॉक्सी (इंटरनेटची वाहतूक मध्येच वळवणारी सेटिंग) मागे उरला असेल. नेटवर्क सेटिंग्जमध्ये मॅन्युअल प्रॉक्सी बंद करा.

प्रश्न : स्कॅन स्वच्छ आला, तरी मशीन मंदच. असं का?

उत्तर : कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. काहीही न करता डिस्क बराच वेळ १०० टक्क्यांवर असेल आणि ती फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर कारण समजलं. तिच्याजागी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवा. रॅम ४ जीबी असेल तर ८ करा. 'स्पीड वाढवणारे' प्रोग्रॅम टाकू नका. बहुतेक वेळा तोच नवा कचरा असतो. डिस्क कटकट वाजत असेल, तर आधी फोटो नि कागदपत्रं दुसरीकडे उतरवा, बाकीचं नंतर.

प्रश्न : पासवर्ड बदलावेत का?

उत्तर : नुसतं ॲडवेअर असेल तर घाई नाही. पण डिफेंडरने ट्रोजन (साधा प्रोग्रॅम भासवून शिरणारा घातक प्रोग्रॅम) किंवा पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम दाखवला, तर लगेच. तेही फोनसारख्या दुसऱ्या, स्वच्छ साधनावरून. आधी ईमेल, मग बँक. सोबत 'सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट' करा, कारण चोरलेल्या कुकीने (ब्राउझरमध्ये साठवलेल्या लॉगिनच्या खुणेने) पासवर्डशिवायही खात्यात शिरता येतं. अशा वेळी मात्र फॉरमॅटच बरा : 'रीसेट धिस पीसी'मध्ये रिमूव्ह एव्हरीथिंग आणि क्लाउड डाउनलोड निवडा. बॅकअपमध्ये फोटो नि कागदपत्रंच घ्या, जुने इन्स्टॉलर आणि क्रॅक (पायरेटेड सॉफ्टवेअर चालवणाऱ्या फाइली) अजिबात नाहीत.