'वंशावळ' वर चढते की खाली उतरते?

१६२० साली मेफ्लॉवर जहाजातून इंग्लंडातून अमेरिकेतल्या प्लिमथला गेलेल्या जॉन हाउलंड या वसाहतकारावरचं एक इंग्रजी टिपण मराठीत आणायचं आहे. त्याच्या पहिल्या भागात पूर्वज आहेत, दुसऱ्यात पुढच्या पिढ्या. विचारलं आहे ते असं : दोन्ही भागांना 'वंशावळ' म्हटलं तर चालेल का? आणि मुलींच्या पोटी पुढे गेलेल्यांना 'वंशज' म्हणावं का?

पहिल्या भागाला 'वंशावळ' नको. हा शब्द 'वंश' आणि 'आवली' मिळून झाला, म्हणजे वंशाची ओळ. ती मूळ पुरुषापासून निघते आणि खाली उतरते. आपले कुलवृत्तांत असेच लिहिलेले असतात. पूर्वजांची मांडणी उलट वर चढते आणि दर पायरीला दुप्पट होते : २ आईवडील, ४ आजीआजोबा, ८ पणजोबा-पणज्या, आणि दहा पिढ्या वर गेलं की १,०२४ जागा. याला ओळ कशी म्हणणार? सरळ 'हाउलंडचे पूर्वज' म्हणावं. एकच शब्द हवा असेल तर 'पूर्वजपट' अर्थाला धरून आहे.

या पटात क्रमांक देण्याची रीत ठरलेली आहे. ज्याचा पट, तो १. कोणाच्याही क्रमांकाची दुप्पट केली की त्याचे वडील, दुपटीत एक मिळवला की आई. मग १३ कोण? ६ ची आई. ६ हे ३ चे वडील आणि ३ म्हणजे स्वतःची आई. म्हणून १३ म्हणजे आईच्या वडिलांची आई. मराठीत हिला नुसतं 'पणजी' म्हटलं तर ९, ११, १३, १५ या चौघींपैकी कोणती ते कळत नाही. तेव्हा नात्याच्या शब्दाशेजारी क्रमांक ठेवाच. हाउलंडचा स्वतःचा पट मात्र आखूडच असेल. इंग्लंडातल्या फेनस्टँटनचे हेन्री आणि मार्गारेट हे त्याचे आईवडील.

आता 'वंशज'. हा शब्द बिनदिक्कत वापरा, पण वाचकाच्या मनात 'वंश' म्हणजे मुलाकडून चालणारा, हे पक्कं बसलेलं असतं याची जाण ठेवून. हाउलंड आणि एलिझाबेथ टिली यांना १० मुलं झाली : ४ मुलगे, ६ मुली. दहाही जण मोठे झाले. आडनाव चाललं ते फक्त मुलग्यांकडून. फ्रँकलिन रूझवेल्ट आणि दोन्ही बुश राष्ट्राध्यक्ष हाउलंडचे वंशज आहेत, हाउलंड आडनाव त्यांतल्या एकाचंही नाही. उलट जॉनचे भाऊ आर्थर आणि हेन्री हेही नंतर तिकडे गेले. त्यांच्या पुढच्यांचं आडनाव हाउलंड असलं तरी ते जॉनचे वंशज नव्हेत, आपल्या भाषेत ती भावकी. म्हणून मथळ्यात 'हाउलंड घराणं' लिहू नका. त्यानं सहा लेकींकडचे सगळे बाहेर राहतात आणि भावांकडचे आत येतात. 'जॉन हाउलंडचे वंशज' लिहा आणि पहिल्याच परिच्छेदात 'मुलांकडचे व मुलींकडचे' असं स्पष्ट करा.

सगळ्यात जास्त चुका पिढी मोजताना होतात. न्यू इंग्लंडच्या (अमेरिकेचा ईशान्य भाग, प्लिमथ त्यातच) वंशावळींत स्थलांतर करून आलेला माणूस स्वतः पहिली पिढी, त्याची मुलं दुसरी. आपल्याकडेही मूळ पुरुष पहिला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातली सपिंड नात्याची (ज्या जवळच्या रक्तनात्यात लग्न होत नाही, त्याची) मोजणीसुद्धा स्वतःला पहिली पिढी धरूनच वर जाते. पण 'हाउलंडनंतरची तिसरी पिढी' म्हटलं की तो स्वतः मोजणीतून गळतो आणि एक पिढी सरकते. 'नंतरची' टाळा, 'तिसरी पिढी, म्हणजे नातवंडं' असं लिहा. 'सेव्हन्थ ग्रेट ग्रँडफादर'चं 'सातवा पणजोबा' तर मुळीच नको. तिथल्या 'ग्रेट'च्या आकड्यात दोन मिळवायचे : नऊ पिढ्या वरचा पूर्वज. पणजोबा, त्यांचे वडील खापरपणजोबा, इथवर आपले शब्द नेमके आहेत. त्यापुढे आकडाच बरा.

सतराव्या शतकातले इंग्रजी नातेशब्द आजच्या कोशातून उचलू नका. मृत्युपत्रातला 'सन इन लॉ' जावई असेल किंवा सावत्र मुलगाही. 'कझिन' पुतण्या किंवा भाचा असू शकतो. 'ज्युनिअर' आणि 'सीनिअर' बापलेकच असतील असं नाही. गावात एकाच नावाचे दोघे असले की धाकट्याला 'ज्युनिअर' म्हणत. नात्याचा ताळा दुसऱ्या कागदाशी जुळल्याशिवाय मराठी शब्द ठरवू नये. हाउलंडच्या बायकोबद्दलच बघा : ती प्लिमथचा गव्हर्नर जॉन कार्व्हर याची नात, असं बराच काळ मानलं जाई. १८५५ मध्ये लंडनच्या फुलहॅम पॅलेसमध्ये प्लिमथचाच नंतरचा गव्हर्नर ब्रॅडफर्ड याचं हस्तलिखित सापडलं, त्यात ती जॉन टिलीची मुलगी असल्याचं स्वच्छ लिहिलेलं निघालं.

टिपणात हाउलंडच्या मृत्यूची तारीख २३ फेब्रुवारी १६७२/३ अशी दिसेल. ती 'अंदाजे' नाही, आणि '१६७२ ते १६७३' तर नाहीच. इंग्रजी वर्ष तेव्हा २५ मार्चला लागत असे, त्यामुळे तो फेब्रुवारी जुन्या हिशेबात १६७२ चा, आजच्या हिशेबात १६७३ चा. मराठीत '२३ फेब्रुवारी १६७३ (जुन्या वर्षारंभाप्रमाणे १६७२)' असं लिहा.