जुनी वॉशिंग मशिनं कोणी जमवतं का? घरात 1990 च्या सुमाराचं फुल्ली ऑटोमॅटिक बंद पडून आहे, भंगारात देऊ का?

जमवतात की! मी जमवतो. माझ्या तळघरात तीन आहेत, आणि बायकोच्या हिशोबाने ती तीन जास्त आहेत.

मी अमेरिकेत ओहायोमध्ये, डेटन शहराजवळ राहतो. हा नाद लागला तो गावामुळेच. फ्रिजिडेअर म्हटलं की आपल्याला फ्रिज आठवतो, पण जनरल मोटर्सची ही शाखा 1947 पासून कपडे धुवायची मशिनंही बनवायची, आणि तिचं ठाणं इथे डेटनला होतं. 1979 मध्ये जनरल मोटर्सने तो धंदा विकून टाकला. तिथे उमर काढलेली म्हातारी माणसं अजून भेटतात. त्यातल्याच एका आजोबांनी घर मोडताना त्यांचं मशीन मला फुकट दिलं. अट एकच घातली : शोभेला ठेवायचं नाही, चालवायचं.

चालवल्यावर कळलं त्यांनी असं का सांगितलं ते. बाकीच्या टॉप लोड मशिनांत मधला खांब डावी-उजवीकडे घुसळतो, ताक केल्यासारखा. ह्याचा खांब खाली-वर होतो, मिनिटाला शेकडो वेळा. झाकण उघडं ठेवून पाहिलं तर चादरीचं टोक पाण्यात खाली ओढलं जातं, दिसेनासं होतं आणि थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने वर येतं. पाणी इतकं उडतं की चष्मा पुसत बसावं लागतं. पण डोळा हलत नाही. पहिल्या रविवारी मी धुतलेलेच टॉवेल परत धुतले, नुसतं बघायला.

‘ऑटोमॅटिक’ कशाला म्हणायचं तेही सांगतो, कारण आपल्याकडे बहुतेकांनी आधी सेमी पाहिलं. त्याआधीच्या विजेच्या मशिनांत कपडे घुसळून मिळायचे, पण पिळायला ते एकेक करून दोन रुळांमधून घालावे लागत, आणि त्यात बोटं सापडायची. पाणी घेणं, धुणं, सोडणं, खळबळणं, पिळणं हे सगळं आपोआप करणारं घरगुती मशीन अमेरिकेत बेंडिक्सने 1937 मध्ये आणलं. लुइझियाना राज्याच्या जत्रेत ते लोकांना चालवून दाखवलं होतं. समोर गोल काच, म्हणजे आजच्या फ्रंट लोडचं आजोबाच. त्याला स्प्रिंग, झटके झेलणारे दांडे असलं काहीच नव्हतं, त्यामुळे ते बोल्ट मारून जमिनीत पक्कं करावं लागे. नाहीतर पिळताना ते घरभर फिरलं असतं! मग युद्ध आलं, 1942 मध्ये घरगुती मशिनांचं उत्पादन थांबलं, आणि युद्ध संपल्यावर सगळे एकदम ह्या धंद्यात उतरले. म्हणून जमवणाऱ्यांचा जीव मुख्यतः 1947 ते साधारण 1965 च्या मालात अडकलेला असतो. त्या काळात प्रत्येक कंपनीचं आतलं डोकं वेगळं होतं. आता झाकणावरचं नाव सोडलं तर फरक शोधावा लागतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझं दुसरं मशीन साठच्या दशकातलं केनमोर. नाव सीअर्स दुकानाचं, बनवलेलं व्हर्लपूलने. त्यात ‘विग-वॅग’ नावाचा भाग आहे : पट्ट्याच्या पुलीला जोडलेली एक पाटी सतत डावी-उजवीकडे डुलत असते, तिच्यावर दोन विद्युतचुंबक. एकाला वीज मिळाली की घुसळणं सुरू, दुसऱ्याला मिळाली की पिळणं. प्रत्येक वेळी ‘खटॅक’ असा दणदणीत आवाज येतो. वरच्या मजल्यावर पोळ्या लाटत असलेली बायको त्यावरून सांगते, ‘पिळायला लागलं तुझं.’

ह्याच केनमोरने मला धडाही दिला. पहिल्यांदा लावलं तेव्हा पाणी सोडायची नळी मी बेसिनवर नुसती अडकवली, बांधली नाही. पंप सुरू झाला, नळी उसळली आणि सगळं तळघर साबणाच्या पाण्याखाली. बायको बादली घेऊन येईल म्हटलं तर फोन घेऊन आली, फोटो काढायला.

त्यात एक सोय आहे, ‘सड्स सेव्हर’. धुतल्यावरचं साबणाचं पाणी गटारात न जाता शेजारच्या टाकीत साठतं आणि पुढच्या घाण्याला परत आत खेचलं जातं. आई साताऱ्याहून आली होती तेव्हा कौतुकाने तिला दाखवलं. तिने पदर खोचून वाकून पाहिलं आणि म्हणाली, ‘ह्यात काय नवल? आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी. आम्ही एकाच बादलीत करायचो.’

आता तुमच्या मशीनचं. देण्याआधी बटण फिरवून बघा. हाताने फिरताना टक-टक लागत असेल, तर आत यांत्रिक टायमर असण्याची शक्यता बरीच, आणि माझ्या लेखी तोच खरा ऐवज. मुठीत मावेल एवढी डबी. आत एक चिमुकली मोटर दातेरी चक्रांतून दांडा सावकाश फिरवते, दांड्यावर खाचा पाडलेल्या चकत्या, आणि प्रत्येक चकतीवर टेकलेली धातूची पट्टी. खाच आली की पट्टी खाली पडते आणि पाण्याचा व्हॉल्व्ह उघडतो किंवा पंप चालू होतो. सगळा कार्यक्रम त्या खाचांत कोरलेला असतो, बोट लावून वाचता येतो. ही मोटर विजेच्या वारंवारतेवर चालते. माझ्या मामेभावाला कोल्हापुरात असलं अमेरिकन मशीन हवं होतं. त्याला सांगितलं, बाबा, ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जमेल, पण 60 हर्ट्झचा टायमर आपल्या 50 वर दहा मिनिटांच्या धुण्याला बारा मिनिटं घेईल.

बरीच वर्षं बंद असेल तर थेट प्लग लावू नका. रबरी सील वाळून तडकलेले असतात, पाणी थेट मोटरवर गळतं. मागचं पॅनल उघडून आधी प्रत्येक वायरीचा फोटो काढा, उंदरांनी काय खाल्लंय ते बघा, अर्थिंग तपासून घ्या. आणि शेवटी भंगारातच द्यायचं ठरलं, तर चार स्क्रू काढून तो टायमर तेवढा ठेवून घ्या. भंगारवाला त्याचे वेगळे पैसे देत नाही.